मोर्च्याच्या आदल्या दिवशी पाठिंब्याचं पत्र मागायला जाऊ नका
(युनियनच्या कामात नव्याने पडलेल्यांसाठी)

मी युनियनचा चिटणीस झालो त्या वर्षी पगारवाढीचा मोर्चा ठरला. उत्साह दांडगा. दोन दिवस मोटरसायकलवरून कोल्हापूर पालथं घातलं आणि सत्तावीस संघटनांची पाठिंब्याची पत्रं गोळा केली. लेटरहेड, शिक्के, सह्या, सगळं व्यवस्थित. मोर्च्याच्या दिवशी त्या सत्तावीस संघटनांची मिळून माणसं आली पाच, आणि त्यातली दोन दसरा चौकातच चहा घेऊन परत गेली. संध्याकाळी मी एका जुन्या कार्यकर्त्याकडे रडगाणं गायलो. ते म्हणाले, "पोरा, शिक्का मारायला काय जातंय? गेल्या साली आमच्या पाण्याच्या मोर्च्याला तू आलावतास काय?"

नव्हतो गेलो. मोर्चा होता हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढे जे लिहितोय ते त्या प्रश्नानंतर शिकलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यात, मागावर, बांधकामावर नव्याने युनियनचं काम हातात घेतलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय.

सुरुवात: सभासदांची वही उलटी लावा

युनियनची यादी नेहमी खात्याप्रमाणे असते. फौंड्री (ओतकाम) असेल तर मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग (ओतीव माल घासून साफ करणं), मशीनशॉप. ही यादी मालकाच्या सोयीची आहे. शंभर पानी वही घ्या आणि तीच नावं गावाप्रमाणे, पेठेप्रमाणे पुन्हा लिहा. शिरोलीच्या कारखान्यात असाल तर टोप, शिये, नागाव, हालोंडी अशी पानं पडतील. गोकुळ शिरगावला असाल तर कणेरी, उजळाईवाडी, तामगाव. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत असाल तर कसबा सांगाव, हलसवडे, तळंदगे.

प्रत्येक नावापुढे चारपाच गोष्टी विचारून लिहा. तालीम (पेठेतल्या माणसांची एकत्र यायची जागा) किंवा मंडळ कुठलं? दूध कुठल्या संस्थेत घालतो? घरातलं कोणी अंगणवाडीत, आशा म्हणून, बचत गटात आहे का? शेती आहे का, आणि तिला पाणी कुठलं? भाऊ बांधकामावर जातो का?

आम्ही हे केलं तेव्हा आमचे निम्मे सभासद तीनच गावांत निघाले. एका गावात तर पाणीप्रश्नावर ग्रामसभेत दर वेळी भांडणारा माणूस आमच्याच फेटलिंग खात्यातला होता. गेटवर तो कधी तोंड उघडायचा नाही, म्हणून आम्ही त्याला गरीब गाय समजत होतो. ज्याला आपण बाहेरचा समाज म्हणतो, तो रोज सकाळी डबा घेऊन आपल्याच गेटमधून आत येतो.

वहीत एक पान कोरं राहील. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली पोरं. त्यांना तालीम नाही, दूध संस्था नाही, ग्रामसभेत मत नाही, आणि बहुतेक जण ठेकेदाराकडे. त्यांच्यासाठी खोल्यांचा पत्ता लिहा आणि मालकाशी बोलायच्या आधी घरमालकाशी बोला. हे पान कोरंच ठेवून पुढे गेलात, तर संपाच्या दिवशी भट्टी त्यांच्याच हातांनी चालवली जाईल.

मग कोणाकडे जायचं

कोल्हापुरात पहिलं नाव तालमीचं. बाहेरचा माणूस तालीम म्हटल्यावर कुस्ती आणि फुटबॉल म्हणेल. पण टोलविरोधी आंदोलन ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना विचारा. शहरातल्या रस्त्यांच्या प्रकल्पासाठी टोल बसला, त्याविरुद्ध सर्वपक्षीय कृती समिती झाली, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी आयुष्यभर कष्टकऱ्यांच्या चळवळीत काढलेली माणसं पुढे होती, आणि रस्त्यावरची गर्दी आली ती पेठापेठांतून, तालमींतून, रिक्षा स्टँडवरून, व्यापाऱ्यांच्या दुकानांतून. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या लढ्यानंतर २०१५ च्या अखेरीस टोल गेला. कॉम्रेड पानसरे ते पाहायला नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या आंदोलनातून उचलायची गोष्ट एकच सांगतो: मागणी तीन शब्दांत मावत होती. 'टोल देणार नाही.' शेतकरी कामगार पक्षाचा माणूस आणि किराणा दुकानदार इतर कशावरही एकत्र बसले नसते.

तालमीनंतर अंगणवाडी सेविका आणि आशा. गावातल्या प्रत्येक घराचा उंबरा त्यांना माहीत असतो आणि त्या स्वतः संघटित आहेत. २०२३ च्या डिसेंबरात अंगणवाडी ताईंचा राज्यभर संप सुरू झाला आणि पन्नासहून जास्त दिवस चालला. त्या काळात किती कारखान्यांतल्या युनियन त्यांच्या मांडवात जाऊन बसल्या, याचं उत्तर फार अभिमानाचं नाही. बांधकाम कामगारांची लाल बावटा युनियन, घरेलू कामगार, हमाल, शेतकरी संघटना, नदीसाठी काम करणारे गट, पूरग्रस्तांच्या समित्या, वकील मंडळी. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालं. त्यासाठी सहा जिल्ह्यांतले वकील कित्येक वर्षं लढत होते. ज्या कामगाराला तारखेसाठी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागायची, त्याला ते कोणासाठी लढले हे वेगळं सांगायला नको.

गाव आणि युनियन ही सोयरीक आपल्याकडे नवी नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडला. त्यातला आजरा, चंदगड, भुदरगडचा कामगार गावी परतला आणि घरच्या भाताच्या कणगीवर त्याने दिवस काढले. गावाने त्याला जेवू घातलं. युनियनने गावासाठी काय केलं, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

पहिल्या भेटीला मागणी घेऊन जाऊ नका

हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या भेटीत फक्त ऐकायचं. निवेदन नाही, पत्रक नाही, लेटरहेड तर नाहीच.

काही व्यवहारी गोष्टी. गावात जाताना दुधाची वेळ टाळा. सकाळ-संध्याकाळ संस्थेत बरणी घेऊन उभा असलेला माणूस तुमच्याशी बोलणार नाही. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी सगळीकडे रविवारीच नसते, तेव्हा वार बघून बैठक लावा. म्हाई-जत्रेच्या आठवड्यात बैठक ठेवू नका, पण जत्रेला जा. ज्यांचा आपला सभासद आहे त्यांच्याकडे त्या सभासदालाच पुढे करून जा; पदाधिकारी मागे बसू देत. तालमीत कट्ट्यावर बसा, खुर्ची मागू नका. अंगणवाडीतल्या बाईंना 'ताई' म्हणा, 'मॅडम' म्हटलंत की त्या तुम्हाला पर्यवेक्षक समजून रजिस्टर काढतील.

बैठकीची जागा हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा आहे. आम्ही एका गावात पहिली बैठक देवळाच्या मंडपात लावली. माणसं भरपूर आली, सगळी वरच्या आळीची. पुढच्या वेळी आमच्याच युनियनचा बौद्धवाड्यातला सभासद म्हणाला, "साहेब, समाजमंदिरात घ्या बघू एकदा." घेतली. वरच्या आळीतले निम्मेच आले. तिसरी बैठक शाळेत घेतली तेव्हा कुठे गाव एका सतरंजीवर बसलं. शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के राखीव जागांचा हुकूम काढला, त्याच जिल्ह्यात हे घडलं. भाषणात त्यांचं नाव घेण्याआधी बैठकीची जागा तपासा.

आधी द्या

युनियनजवळ देण्यासारखं काय असतं? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच. निवेदन कसं लिहायचं, त्याची पोच कशी घ्यायची, अधिकाऱ्यासमोर मुद्दा सोडून न भरकटता कसं बोलायचं, हे गेटवर आयुष्य गेलेल्याला येतं. गावातल्या पाणी समितीला येत नाही. आम्ही एका गावाला माहिती अधिकाराचे तीन अर्ज लिहून दिले: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, नेमके प्रश्न, तीस दिवसांची मुदत कॅलेंडरवर लाल खुणेने. एवढ्यावर त्या गावाने आम्हाला पुढे दोन वर्षं साथ दिली.

बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी हेही तसंच काम. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला, वय अठरा ते साठ, कागदपत्रं. तुमच्या सभासदाच्या भावाचा फॉर्म युनियनच्या ऑफिसात बसून भरून दिलात तर ती खरी ओळख. एक धोका आहे. एजंट या कामाचे पैसे घेतात. युनियनच्या नावाने कोणी घ्यायला लागला तर त्याच दिवशी फलकावर नाव लिहा.

२०१९ च्या पुरात ज्या युनियननी टेंपो आणि माणसं लावून घरांतला गाळ काढला, त्यांची नावं शिरोळ, करवीरच्या गावांत अजून घेतली जातात.

थोडं लांबचं पाहायचं तर दल्ली राजहरा. छत्तीसगडमधल्या लोहखनिजाच्या खाणीतल्या कंत्राटी कामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली युनियन उभी केली आणि १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल सुरू केलं. तिथे खाण कामगारच नव्हे, आसपासचे आदिवासी, शेतकरीही उपचाराला येतात. नियोगींना १९९१ मध्ये मारलं, दवाखाना चालू राहिला. पुण्याच्या हमाल पंचायतीची स्वस्त जेवणाची 'कष्टाची भाकर' आणि दलितांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता यावं म्हणून बाबा आढावांनी चालवलेली 'एक गाव एक पाणवठा' मोहीम हीही याच जातकुळीची. हमालांचा पुढारी पाणवठ्याच्या भांडणात का पडला, असं त्यांना कोणी विचारलं असेलच. हमालही त्याच पाणवठ्यावर घागर घेऊन उभा होता.

तीन रकान्यांचा कागद

दोनतीन भेटी झाल्या की दोन्हीकडची चार-चार माणसं बसा आणि एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त आमचं: महागाई भत्ता, बोनस, ठेकेदारी. दुसऱ्यात फक्त तुमचं. तिसऱ्यात दोघांचं. तिसरा रकाना पहिल्या दिवशी जवळजवळ रिकामा असतो, त्याने नाउमेद होऊ नका. एक ओळ जरी आली तरी तिच्यावर काम सुरू करा. आमच्या एका गावात ती ओळ होती: 'दुसऱ्या पाळीच्या सुट्टीला एसटी.' कारखान्यातल्या बायकांना ती हवी होती, गावातल्या कॉलेजच्या मुलींनाही.

कागदाच्या मागे आणखी एक गोष्ट लिहा: कुठल्या बाबतीत आपण एकमेकांच्या सोबत नसू. हे लिहायला संकोच वाटतो. पण लिहिलेलं असेल तर पुढे 'तुम्ही दगा दिला' असं कोणी म्हणत नाही.

नदीचं काय करायचं

आता खरं अवघड. आमची जनरल युनियन. फौंड्रीबरोबर कापड प्रोसेसमधलेही सभासद. एका सकाळी नदीकाठच्या गावातल्या एक मावशी ऑफिसात आल्या. साठीच्या पुढच्या, काष्टा नेसलेल्या. पिशवीतून लिटरची बाटली काढली आणि टेबलावर माझ्या पावतीपुस्तकावर ठेवली. तळाला दोन बोटं काळा गाळ, वर फेस. म्हणाल्या, "म्हस तोंड लावंना झालीय. रातच्याला सोडणारी तुमचीच पोरं न्हवं?"

समोर बाकावर आमचा एक सभासद बसला होता. त्याने मान खाली घातली. रात्रपाळीला सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला त्यालाच सांगितलं जायचं.

पंचगंगा प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीला कृष्णेला मिळेपर्यंत शहराचं सांडपाणी घेते, कारखान्यांचंही घेते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा त्यात यंत्रमाग कामगारांचीच घरं होती. म्हणजे पाणी सोडणारा आणि पिणारा एकाच घरात राहतो. तरीही कारखान्याला टाळं लागेल म्हटल्यावर कामगार मालकाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि गाव कामगाराला शत्रू समजतं. मालकाला याहून काय हवं?

आम्ही त्या मावशींसमोर मालकाची बाजू घेतली नाही. त्या पोराचं नावही दिलं नाही. पुढच्या चार बैठकांत जे ठरलं ते असं. सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा तिन्ही पाळ्यांत चालवा आणि तिच्यावर कायम कामगार नेमा. म्हणजे गावाला स्वच्छ पाणी आणि आम्हाला चार जागा. चोरून पाणी सोडायला नकार देणाऱ्यावर किंवा त्याची माहिती देणाऱ्यावर कारवाई झाली तर गाव गेटवर येईल. प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदची नोटीस काढली तर बंद काळातला पगार मालकाने द्यावा, ही मागणी गावाच्या निवेदनातही असेल. शेवटची ओळ गावाकडून वदवून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "आमचं पाणी नासवलं आणि पगार बी आम्हीच मागायचा व्हय?" असं एक जण म्हणाला, आणि त्याचं चूक नव्हतं.

कागदोपत्री एक काम करून ठेवा. मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रात किती सांडपाणी, कसं प्रक्रिया करून, कुठे सोडायचं हे लिहिलेलं असतं. त्याची प्रत मिळवा आणि मराठीत सोपं करून गावाला वाचून दाखवा. 'प्रदूषण बंद करा' या मागणीपेक्षा 'अटीतली अमुक ओळ पाळा' ही मागणी अधिकाऱ्याला जास्त जड जाते.

जगात हे आधी झालेलं आहे. १९७१ साली सिडनीत केलीज बुश नावाचं नदीकाठचं रान वाचवायला तिथल्या बायका सगळ्या सरकारी दारांत जाऊन थकल्या आणि शेवटी बांधकाम मजुरांच्या युनियनकडे आल्या. जॅक मंडी तेव्हा त्या युनियनचे सचिव. युनियनने अट घातली: आधी तुमच्या भागात जाहीर सभा घ्या, लोकांना खरंच हे हवंय का ते दिसू दे. सभा भरली, मग मजुरांनी तिथे कामाला नकार दिला. ते रान आजही आहे. मला या गोष्टीत ती अट सगळ्यात आवडते. कामगाराने रोजीरोटी पणाला लावायची तर गावानेही सतरंजीवर येऊन बसावं.

समिती, पैसा, झेंडे

लवकर उरकतो. कृती समितीत निमंत्रक दोन ठेवा, एक युनियनचा, एक गावाचा किंवा पेठेचा, आणि दोघांपैकी एक बाई असू दे. पत्रकारांशी कोण बोलणार ते आधी ठरवा. पावतीपुस्तक वेगळं, हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचा. युनियनच्या सर्वसाधारण निधीतून समितीला पैसे देण्याआधी आपली घटना वाचा आणि सभेचा ठराव घ्या. राजकीय कामाचा निधी वेगळा लागतो आणि त्याची सक्ती सभासदावर करता येत नाही. झेंड्यांबद्दल माझं मत: बिंदू चौकातल्या सभेत सगळ्यांचे लावा, नाहीतर कोणाचाच नको. निवडणुकीच्या तोंडावर मात्र कोणाचाच नको.

कायद्याची खिंड

इथे नवी मंडळी हमखास अडकतात. मोर्चा गावाचा असला तरी युनियनच्या माणसाला वेगळे नियम आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते. 'संप नको, सगळे मिळून रजा टाकू आणि गावाच्या मोर्च्याला जाऊ' ही शक्कल तर विसराच. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला जातो. म्हणून गावाच्या कार्यक्रमाला सुट्टीचा वार किंवा पाळी सुटण्याची वेळ धरा. गाव गेटवर येणार असेल तर दोन पाळ्यांच्या मधे येऊ दे.

पोलीस ठाण्यात अर्ज लवकर द्या, मार्ग लिहून द्या, पोच घ्या. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा बंदी आदेश अधूनमधून लागलेला असतो, तो त्या तारखांना आहे का ते आदल्या आठवड्यात विचारा. जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन दिलं की आवक नंबर घेतल्याशिवाय जिना उतरू नका. फोटो नंतर काढा.

करारावर सही होते त्या रात्री

आमचा पगाराचा करार झाला त्या रात्री आम्ही गेटवर पेढे वाटले, गुलाल उधळला आणि घरी जाऊन झोपलो. ज्या गावाने आमच्यासाठी दोनदा गेटवर उन्हात बसून काढलं होतं, त्याला बातमी दुसऱ्या दिवशी पेपरातून कळली. त्यांची सांडपाणी यंत्रणेची मागणी अजून लटकलेलीच होती. त्या मावशींनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारलं, "पेढं कुठल्या दुकानाचं हुतं?"

आता नियम असा आहे: सही होण्याआधी समितीला मसुदा तोंडी का होईना सांगायचा, सही झाल्यावर पहिला फोन गावाला, आणि करारानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांच्या बैठकीला आपली कुठलीही मागणी न घेता जायचं. तेव्हा गेटवरचे कार्यकर्ते थकलेले असतात, कोणी तयार होत नाही. वहीतून त्या गावचीच चार नावं काढा आणि त्यांनाच पाठवा.

वहीच्या शेवटच्या पानावर ज्यांच्याकडे जायचं राहिलंय त्यांची नावं लिहून ठेवतो. सध्या सगळ्यात वर ऊसतोड टोळ्या आहेत. दिवाळीनंतर त्या येतील, फडाशेजारी कोप्या (झोपड्या) पडतील. अडचण अशी की आमच्या सभासदांपैकी कित्येकांचा अर्धा-एक एकर ऊस आहे, आणि तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला खुशालीचे पैसे द्यावे लागतात यावर गेटवर सगळ्यात जास्त शिव्या तेच देतात. तीन रकान्यांचा कागद घेऊन गेल्या हंगामात दोनदा बसलो. तिसऱ्या रकान्यात अजून काही आलेलं नाही.